कळा सुरू झाल्याची वेळ

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि जिभेलाही. डोंगराच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रात मी बारा वर्षं बाळंतपणं केली, तिथं हे दोन्ही दुर्गुण खपून गेले. खपून कसले, त्यांचं कौतुकच झालं. माझा आवाज ऐकून अडलेलं मूलसुद्धा सुटतं, असं आमच्या आयाबाई सगळ्यांना सांगायच्या.

वाड्यावस्त्यांवरून बायका फार उशिरा यायच्या. कुणाला झोळीतून खाली आणलेलं असायचं, कुणाला टेम्पोच्या हौद्यात घोंगडी अंथरून. पाणी कधीच गेलेलं, बाई घामाघूम, आणि बरोबरची माणसं दारात तोंडं पाडून उभी. त्यांच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं. मास्क न काढता मी विचारायची, "घरी काय मुहूर्त काढत बसला होतात?" पोरी हसायच्या, म्हणजे आमच्या शिकाऊ पोरी. ज्यांना विचारलेलं असायचं त्या हसल्याचं मला आठवत नाही. मी उत्तरासाठी थांबतच नसे, हातमोजे चढवून कामाला लागलेली असे.

पुढं पुण्यात नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. वर्गात फळ्यापुढं येरझाऱ्या घालता येतात, एवढं सोडलं तर त्या नोकरीत मला करमण्यासारखं काही नव्हतं. मनात तो प्रश्न मात्र तसाच होता. या बायकांना उशीर का होतो? शेवटी त्याच प्रश्नावर पीएच.डी.ला नाव घातलं. एखाद्या प्रश्नाचा फारच राग आला की माणूस त्यावर संशोधन करतो, असं माझं मत आहे.

माझ्या गाईड मॅडम शांत बाई. तासन् तास टेबलापाशी बसून आकडे लावत. मी त्यांच्या खोलीत गेले की कपाटापासून खिडकीपर्यंत फिरत बोलायची. त्या एकदा चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही बसत नाही ना, म्हणून तुमचं प्रकरण बसत नाही."

चौथं प्रकरण मात्र छान बसलं. त्यासाठी मी चार पानी प्रश्नावली केली होती आणि ती घेऊन दर शनिवारी स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरायची. तिथून वर, तोरण्याच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर चालत. गेल्या काही वर्षांत बाळंत झालेल्या एकेका बाईला गाठून विचारायचं. अकरावा रकाना, कळा सुरू झाल्याची वेळ. बारावा, घरातून निघाल्याची वेळ. तेरावा, दवाखान्यात पोचल्याची वेळ. घड्याळाचं कुणी बोलत नसे. "शेळ्या सोडायच्या टायमाला", "येष्टी गेली तवा", "दिवेलागनीला". मी मनातल्या मनात त्याचे वाजून किती ते करून रकाना भरायची.

उत्तरं एकसारखी यायला लागली. कळा सुरू झाल्या की घरचे लगेच निघत होते. उशीर होता तो पुढचा, पायवाटेचा आणि वाहन मिळण्याचा. मला इतका आनंद झाला की काय सांगू! बायकांचा दोष नव्हता, घरच्यांचाही नव्हता, दोष रस्त्याचा होता. बारा वर्षं मी उगाच ओरडले, हेही त्यातून निघत होतं, पण ते मी पटकन ओलांडून पुढं गेले. एका परिषदेत निबंध वाचला, टाळ्या झाल्या, मॅडमनी पाठ थोपटली. आता फक्त प्रबंध बांधून द्यायचा राहिला होता.

आणि नेमकी त्याच वेळी ती मला भेटली. खरं तर आधी भेटली होती, तिचा फॉर्म माझ्या गठ्ठ्यात होता. डोंगराच्या सपाटीवर सात-आठ घरांची धनगरांची वस्ती, कारवीच्या कुडाच्या भिंती, दारात म्हशी आणि शेळ्या. तिथली ही सून. आई लहानपणीच वारल्यामुळं पहिलं बाळंतपणही सासरीच झालेलं. ते मूल गेलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातच ठोके थांबले होते. फॉर्मवर दवाखान्याचं नाव माझ्याच जुन्या केंद्राचं आणि वर्ष माझ्या नोकरीचं शेवटचं. मी ते पाहिलं होतं. पण ड्यूट्या तीन पाळ्यांत असतात, त्या दिवशी मी नसेन, असं म्हणून पान उलटलं होतं. अकराव्या रकान्यात दिवेलागण, बाराव्यात त्यानंतर थोड्याच वेळानं. माझ्या सिद्धान्तात अगदी चपखल.

आता ती परत गरोदर होती, नववा लागला होता. बोलायची कमी. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडं बघत राहायची, मग एका शब्दात उत्तर. मला वाटलं, लाजाळू असेल. तिची सासू मात्र बोलकी, कमरेत वाकलेली, पण डोंगर चढताना मला मागं टाकणारी.

त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर होते. बसले नव्हते, अर्थातच. परड्याच्या कडेला एक शेळी बाकीच्यांपासून बाजूला होऊन उभी होती, जमीन उकरत होती. जन्माची सुईण मी, माझ्या लगेच ध्यानात आलं. मी ओरडले, "अहो मावशी, ही बघा, ही व्यायला झाली!"

म्हातारी अशी झेपावली, आणि शेणाचा हात तिनं माझ्या तोंडावर ठेवला.

"गप ऱ्हावा की बाई! कशाला दवंडी पिटताय? जेवढ्या कानांवर जाईल तेवढं लांबतं."

शेणाच्या वासानं मला शिंक आली. मी हसत विचारलं, "हे शेळ्यांचं का?"

"बायांचंच आदी. शेळ्यांचं आपलं मागनं आलं."

"म्हणजे कळा आल्या तर सांगायचं नाही?"

"कशाला सांगायचं? सोसंल तवर सोसायचं, गपगुमान काम करायचं. न्हाईच सोसलं तर मंग सांगायचं घरात. आमी समद्यांनी तसंच केलं."

माझं हसू तिथंच थांबलं. "आणि मावशी, मी तुम्हाला सगळ्यांना विचारलं ना, कळा कधी सुरू झाल्या? ती वेळ कुठली सांगितलीत?"

"घरात सांगितल्याची," म्हातारी सहज म्हणाली. "त्येच्या आदीचं कोन कुनाला सांगतं? ते जिचं तिच्यापाशी."

सून कुडाला टेकून उभी होती. तिनं नजर खाली घातली. परड्यात कुणी ओरडलं नाही तेव्हा शेळी आपली निवांत व्याली, दोन करडं झाली.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा असूनही मी उभी राहिले. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, बसा की, गाडी रिकामी हाय." मला बसणं शक्यच नव्हतं. माझा अकरावा रकाना सगळा खोटा होता. कुणी मला फसवलं नव्हतं, मी बाहेरच्या माणसासारखं विचारलं आणि त्यांनी रीतीप्रमाणं सांगितलं. उशीर रस्त्यावर होत होता हे खरं, पण त्याच्या आधी तो कळा पोटाशी धरून बसलेल्या बाईपाशी होत होता, तासन् तास, कधी पुरता एक दिवस. आणि बारा वर्षं लेबर रूममध्ये राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शेवटी 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद घाला. वेळ नेमकी नसण्याची शक्यता आहे, असं लिहा. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय."

"मॅडम, एक परिच्छेद काय घालू? घर जळालंय आणि तुम्ही उंबऱ्याला रंग द्यायला सांगताय!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या रागावल्या नाहीत, फक्त आकड्यांकडं वळल्या. पण प्रबंधापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं घेरलं होतं. ती सून नवव्या महिन्यात. पहिलं मूल असंच सोसत राहून गेलेलं. दुसऱ्या खेपेला वेळ आणखी कमी मिळतो, हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ती परत गप्प बसली तर हेही मूल जाणार, आणि कदाचित तीही. आता हे मला माहीत होतं. माहीत असून पुण्यात बसून परिच्छेद लिहिणं मला जमणारं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी वर गेले. वाटेत ठरवून टाकलं होतं, भाषण द्यायचं नाही. त्या वस्तीत आरोग्य खात्याची भाषणं देऊन झाली होती, पालथ्या घड्यावर पाणी. मी तिला परड्यामागं गाठलं आणि म्हटलं, "हे बघ, जितके कान तितका वेळ, हे मला मान्य. मग एकाच कानाला सांग. माझ्या. पहिली कळ आली की वरच्या खडकावर जा, तिथं रेंज येते. मला नुसता मिसकॉल दे, बोलूसुद्धा नकोस. पुढचं मी बघते."

ती नेहमीसारखी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मान हलवली. मी किती हुशार, रीतही मोडली नाही आणि कामही झालं, असं वाटून मी उतरताना चक्क गाणं गुणगुणत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मला अजून आठवतात ते हातातल्या मोबाईलसकट. न्हाणीघरात मोबाईल, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मोबाईल. कुणाचाही फोन आला की पहिल्या रिंगलाच उचलायची, आणि मग तो बँकेचा किंवा बहिणीचा निघाला की मी त्यांच्यावर खेकसायची. वर्गात बाळंतपणाच्या अवस्था शिकवताना पहिल्या अवस्थेपाशी अडखळले. पुस्तकात लिहिलंय, ही कळा सुरू झाल्यापासून मोजावी. कुणाच्या सांगण्यावरून मोजावी, ते लिहिलेलं नाही. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी तिलाही फटकारलं.

दिवस भरले. मिसकॉल नाही. दिवस उलटून गेले. मिसकॉल नाही. आशाताईंना, म्हणजे खालच्या गावातल्या आरोग्यसेविकेला, फोन लावावा तर त्यांचा बंद. बुधवारी मी कॉलेजात अर्ज टाकला आणि पहिली एसटी धरली. शिमगा तोंडावर आलेला, माळ वाळून गेलेला, ऊन सकाळपासून पाठीत. चढताना स्वतःलाच शिव्या देत होते, आधीच का नाही आलीस म्हणून.

घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

चुलीपाशी डब्यांची झाकणं काढून ठेवलेली. पिठाचा डबा उघडा, मिठाची बरणी उघडी, ट्रंकेचं कुलूप निघालेलं. दोरीवरच्या गाठी सोडलेल्या. शेळ्यांची दावी रिकामी. हे मला माहीत होतं. घरात बाई अडू नये म्हणून मिटलेलं सगळं उघडून ठेवतात. म्हणजे कळा सुरू झाल्या होत्या.

शेजारची बाई बाहेर गोवऱ्या लावत होती. "कुठं गेल्या दोघी?"

"शेरडं घिऊन गेल्यात. सकाळच्याला."

"दोघी? हिचे दिवस भरलेत ना?"

"व्हय की. पाय मोकळं हुत्यात म्हनल्या." तिला खरोखरच काही माहीत नव्हतं.

मी माळावर धावले, ओढ्यात बघितलं, हाका मारल्या नाहीत. तोंड उघडायचंच भय वाटायला लागलं होतं. शेवटी उतारावरून घसरत, काट्यांनी साडी फाडून घेत खाली आशाताईंचं घर गाठलं. त्यांच्या अंगणात, तुळशीपाशी, सगळ्याच्या सगळ्या शेळ्या बांधलेल्या.

"आशाताई, ह्या इथं कशा?"

"ती म्हातारी म्हनली, हितं बांधा. म्या बांधल्या."

"आणि त्या दोघी?"

"टेम्पोत बसून गेल्या. बाजार करायचाय म्हनल्या डायवरला."

"तुम्ही विचारलं नाहीत काही?"

आशाताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून लहान आहे. "इचारायचं असतं व्हय बाई? इचारलं की सांगावं लागतं. पोटाला हात लावून बघितला, टेम्पो थांबवला, दवाखान्यात फोन करून खाट तयार ठेवा म्हनलं, तेवढ्यात मोबाईल झोपला. नावगाव काय सांगितलं न्हाई."

दवाखाना म्हणजे माझंच जुनं केंद्र. मी दुधाच्या गाडीतून, कॅन्सच्या मधे उभी राहून तिथं पोचले. पायऱ्या तीन-तीन चढले. व्हरांड्यात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तेवढ्यात फडक्यातून जे रडणं निघालं, ते ऐकून मला भरून आलं. मोठ्यानं हुंदका आला, आणि मी तो दाबला नाही.

"नात हाय," म्हातारी म्हणाली. "पोचलो आन् निवांत सुटली. तशी येळ लई व्हती हातात."

"मग मला मिसकॉल का नाही दिला? मी तीन आठवडे जीव टांगून बसलेय! माझा कान ठरला होता ना?"

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "तुमचा कान लिवतो की बाई. तुमाला सांगितलं म्हंजी पुन्याला सांगितलं. तिनं मला सांगितलं. न्हाई, सांगितलं बी न्हाई. पिठाच्या डब्याचं झाकन काढून ठिवलं. म्या बघितलं, आन् शेरडं सोडली."

मला हसूही आलं आणि लागलंही. चौकशी, फॉर्म, रकाने, माझा एक कान म्हणजे हजार कान. ते मी मुकाट्यानं गिळलं आणि आत गेले.

ती डावीकडच्या खाटेवर होती, तीच खोली, तीच खिडकी. दमलेली होती, पण नजर सरळ. बाळाला तिच्या कुशीत दिलं. मी नेहमीच्या सवयीनं खाटेभोवती फिरत सलाईन बघत होते, चादर नीट करत होते.

"ताई, कागद आनलाय?"

पिशवीत कोरा फॉर्म होता. तो नसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "राहू दे गं, आत्ता कशाला?"

"लिवा. आता झालंय, आता सांगाया हरकत न्हाई. तांबडं फुटलं तवा पैली कळ आली."

मी उभ्यानंच लिहिलं.

"आन् पैल्याची बी नीट लिवा. मागं म्या दिवेलागन सांगितली, ती खरी न्हाई. आदल्या दिशी दुपारी आली व्हती. भाकरी थापीत व्हते. रात काढली, दुसरा दिस काढला, मंग सांगितलं."

माझं पेन थांबलं. पुरता दीड दिवस. "अगं, मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

ती नेहमीसारखी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आज मात्र तिनं मला तसं फार वेळ ठेवलं नाही.

"तुमी तवा बी इचारलं व्हतं, ताई. हितंच. तोंडाला फडकं बांधल्यालं व्हतं, पर आवाज वळखू आला मला, तुमी वाडीवर आला त्या पैल्या दिशीच." आणि मग तिनं माझं वाक्य म्हटलं, माझ्या शुद्ध भाषेत, एक अक्षर न चुकता. "घरी काय मुहूर्त काढत बसला होतात?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. मी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पाच वर्षांपूर्वीचा, या खाटेवरचा. नाही आठवला. खाटेखाली पडलेली एक ओली काळी घोंगडी तेवढी आठवली, आणि ती हिचीच होती का, तेही मला सांगता येणार नाही. मला माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

ती "असू द्या" म्हणाली नाही. थोडी सरकली आणि खाटेच्या कडेला जागा केली. "बसा. उभ्यानं अक्षर नीट येत न्हाई."

मी बसले. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. आदला दिवस, दुपार, भाकऱ्या चालू होत्या. किती वाजले असतील ते घातलं नाही. खाली लिहिलं, सांगितलं दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. त्याखाली, दवाखान्यात काय विचारलं गेलं, तेही लिहिलं, आणि कुणी विचारलं, ते.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

या खोलीच्या भिंती हलवणारा माझा आवाज. तो त्या चार ओळींना पुरेना. मी कसंबसं शेवटापर्यंत नेलं. तिनं बाळाला दुसऱ्या कुशीला घेतलं.

"ऐकू न्हाई आलं, ताई," ती म्हणाली. "परत वाचा."